शोक आणि स्मृती



श्रीमद्भगवद्गीतेतील उपदेशाचा खरा आरंभ दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून होतो, हे आपणांस विदितच आहे. श्रीशंकराचार्यांनीही आपले पदशः भाष्य तेथूनच सुरू केले आहे. त्यापूर्वीचा सर्व भाग शोक आणि मोह या संसारबीजांचे स्वरूप दाखविण्यासाठी आला आहे, एवढे सांगून ते पुढे जातात. शोकास पात्र नसलेल्यांचा तू शोक मांडला आहेस, आणि ज्ञाते लोक असा शोक करीत नाहीत, असा त्या श्लोकाचा भाव आहे. गीतापाठ करणाऱ्याला जे श्लोक सर्वांत आधी पाठ होतात त्यांतला हा एक. आणि माझ्या अनुभवाने सांगावयाचे तर, सर्वांत अधिक अस्थानी वापरला जाणाराही हाच.

तो मी स्वतः कसा वापरला, हे आधी सांगणे भाग आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाठशाळेतील अध्ययन नुकतेच संपवून मी गावी आलो होतो आणि चातुर्मासात आमच्या देवळात रोज एक घटका गीतेचा अर्थ सांगत असे. विद्या नवी होती आणि ताठाही नवा होता. एके दिवशी पाठ संपल्यावर शेजारच्या वाडीतील एक वृद्धा खांबाशी थांबली. सत्तरीच्या घरातील असावी. ती म्हणाली, "बाबा, माझा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता. दूरच्या मुलखात लढाईवर गेला, इटली का काय म्हणतात तिथं. तार आली, तो आला नाही. आईबाप होते तोवर ते काय करायचे ते करीत. आता पितरपाखात मी त्याचं पान कुठल्या तिथीला वाढू?"

मी तिला दुसरा अध्याय सांगितला. आत्मा मरत नाही, देह हा जीर्ण वस्त्रासारखा आहे, ज्ञाते लोक शोक करीत नाहीत, असे सर्व सांगितले. स्वर चांगला लागला होता आणि आजूबाजूची चारदोन माणसेही ऐकावयास थांबली होती. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना एवढेच म्हणाली, "रडू नको म्हणालास ते बरंच केलंस, बाबा. पण मी रडत नव्हते. मी तिथी विचारली."

तिच्या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नव्हते असे नाही. शस्त्राने ज्यांचा अंत झाला त्यांच्या श्राद्धासाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी नेमलेली आहे. मृत्यूची तिथीच कळली नसेल तर अमावास्या आहे. देहच हाती लागला नसेल तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आहे. काशीनाथशास्त्री उपाध्याय यांच्या धर्मसिंधूत हे विषय आलेले आहेत आणि त्या वेळी ते मला मुखोद्गत होते. प्रश्न कर्तव्याचा होता, उत्तर मी तत्त्वज्ञानाचे दिले. दोनतीन वर्षांत ती बाई निवर्तली. तिच्या घरची माणसे त्याआधीच मुंबईकडे गेली होती. पुढे मला ध्यानात आले की मी तिच्या भावाचे नावसुद्धा विचारले नव्हते.

त्या भावाविषयी म्हणूनच मला काही सांगता येत नाही. परंतु त्याच महायुद्धात, त्याच देशात, मराठा पलटणीतील ज्या एका तरुणाने देह ठेवला आणि ज्याचे नाव जगाने लिहून ठेवले, त्याच्याविषयी सांगता येते. या लेखाचा विषय तोच आहे.

नाईक यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी कोकणात माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. त्या वेळी तो जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. १९८१ पासून त्याचे नाव रायगड आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर ते इटलीत गेले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी शत्रूच्या यांत्रिक तोफेच्या माऱ्यात अगदी जवळून सापडली. तुकडीतील सर्व शिपाई मृत वा जखमी झाले. तुकडीचे प्रमुख असलेले घाडगे तेवढे उभे राहिले. क्षणाचाही विचार न करता ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ आणि ती चालविणारा या दोघांनाही निकामी केले. दुसऱ्यास बंदुकीने टिपले. काडतुसांचा संच बदलण्यास सवड उरली नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा प्राण गेला. तेविसावे वर्ष चालू होते.

पंचांग पाहता तो आषाढाचा कृष्णपक्ष होता. गुरुपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. माणगावच्या शेतांत त्या दिवसांत भाताची लावणी चालू असते आणि गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसांना मान वर करण्याची उसंत नसते. टायबरच्या खोऱ्यात जे घडले ते त्या चिखलात उभ्या असलेल्यांना कळावयास किती दिवस लागले असतील, याची कल्पनाच करावी.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीतील युद्धात हे सन्मानचिन्ह एकंदर वीस जणांना मिळाले, त्यांत सहा भारतीय सेनेतील होते. पुढच्याच वर्षी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर शौर्य गाजविणारे शिपाई नामदेव जाधव हेही मराठा पलटणीचेच. ते सुदैवाने परतले. त्या देशात सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ तेथेच राहिले. घाडगे यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही. ज्यांची दहनभूमी वा दफनभूमी ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कसिनो येथील स्मारकशिलांवर कोरलेली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. ज्या गावाने पळसाचे नाव धारण केले आहे त्या गावच्या मुलाचा देह सापडू नये, आणि देह न सापडलेल्यासाठी शास्त्राने पळसाचीच पाने सांगावीत, हा योग धर्मसिंधू उघडला की माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

येथे एक शंका उत्पन्न होते आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते युद्ध कोणाचे होते? ज्या साम्राज्याच्या सेनेत हा तरुण लढला, त्याच साम्राज्याने १९४२ च्या ऑगस्टपासून देशातील पुढाऱ्यांना तुरुंगात डांबले होते, आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. मग या मरणाला स्वधर्माचे मरण म्हणावे कसे? स्वातंत्र्यानंतर बराच काळ आपल्याकडे या सैनिकांविषयी जे एक अवघडलेले मौन होते, त्याच्या मुळाशी हीच शंका असावी असे मला वाटते.

महाभारताकडे या शंकेचे उत्तर आहे, आणि ते आपण समजतो तितके सरळ नाही. कुरुक्षेत्रावर जमलेले अठरा अक्षौहिणी सैन्य काही केवळ कौरवपांडवांच्या भाऊबंदकीत हितसंबंध असलेल्यांचे नव्हते. शल्य निघाला पांडवांकडे आणि वाटेतील आदरसत्काराला भुलून दुर्योधनाच्या पक्षाला बांधला गेला. प्रत्यक्ष श्रीकृष्णांची नारायणी सेना त्यांच्याच विरुद्ध बाजूस उभी होती. भीष्मांसारखा पुरुषसुद्धा, मी अर्थाने कौरवांशी बांधला गेलो आहे, असे युधिष्ठिराजवळ कबूल करतो. युद्ध कोणाचे, याचा निर्णय त्या रणांगणावरील बहुतेकांच्या हाती नव्हताच. त्यांच्या हाती होते ते एवढेच, की आपल्या जागी उभे राहावयाचे की पाठ फिरवावयाची. अठराव्या अध्यायात क्षात्रकर्माची लक्षणे सांगताना भगवंतांनी शौर्य, तेज, धैर्य यांबरोबर युद्धातून न पळणे हे स्वतंत्र लक्षण म्हणून सांगितले आहे. शौर्य सांगितल्यावर ते वेगळे कशाला सांगावयाचे, असा प्रश्न मला भाषांतर करताना पडत असे. ज्याच्या भोवतीचे सर्व पडले आहेत आणि जो एकटा उभा आहे, त्याच्या संदर्भात ते वेगळे सांगावेच लागते.

अर्थात यावरून ते युद्ध धर्म्य ठरत नाही किंवा साम्राज्याचे पापही धुतले जात नाही. राज्यकर्त्यांच्या कर्माचे फळ राज्यकर्त्यांकडे, शिपायाच्या कर्माचे शिपायाकडे. कर्म आणि कर्ता यांचा असा निवाडा करावयास शिकविणारा ग्रंथ आपल्या हाती असताना आपण सर्वांचा एकच हिशेब मांडतो, याचे मला नवल वाटते. आणि ज्या चौघांना त्या दिवशी घाडगे यांनी मारले तेही कोणाचे तरी पुत्र होते, हे विसरून ही कथा सांगू नये. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारला गेला, हे वाक्य मी वर लिहिले तेव्हा लेखणी अडली होती. व्यासांची मात्र कोठे अडलेली नाही. ते काहीच झाकीत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शोक करू नये असे गीता सांगते. मग स्मरण तरी का करावे?

गीता ज्याला सांगितली गेली त्याचे पुढे काय झाले ते पाहा. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. त्या संध्याकाळी अर्जुन शिबिराकडे येतो तेव्हा मंगलवाद्ये वाजत नाहीत, सैनिक त्याला पाहून मान खाली घालतात, आणि रोज हसत सामोरा येणारा मुलगा येत नाही. तो विलाप करतो, आणि मनसोक्त करतो. अकरावा श्लोक ऐकून त्याला तेराच दिवस झाले होते! आणि श्रीकृष्ण त्याला, मी तुला काय सांगितले होते, असे विचारीत नाहीत. ते त्याला सावरतात, मग सुभद्रेकडे जातात आणि तिच्याजवळ बसून तिचे सांत्वन करतात. माझ्यासारखा देवळातला पंडित त्या जागी असता तर सुभद्रेलाही त्याने दुसरा अध्यायच ऐकविला असता.

भाषांतरकाराला शब्दाच्या मुळाशी जावे लागते. 'शोक' हा शब्द 'शुच्' या धातूपासून आला आहे आणि त्या धातूत जळण्याचा अर्थ आहे. 'शुचि' हा शब्दही त्याच मुळाचा. जे जाळीत राहते आणि हातून काही होऊ देत नाही, गांडीव गळून पडावयास लावते, ते टाकावयाचे. 'स्मृ' या धातूचा एक अर्थ वैयाकरणांनी 'आध्यान' असा दिला आहे, म्हणजे ओढीने केलेले स्मरण. ही दोन्ही एक नव्हेत. गीतेने शोकाचा निषेध केला. स्मृतीचा कोठेही केलेला नाही. उलट दुसऱ्या अध्यायात माणसाच्या अधःपाताची जी पायरी सांगितली आहे, तीत बुद्धिनाशाच्या आधीची पायरी स्मृती ढळण्याची आहे. दहाव्या अध्यायात भगवंत स्वतःच्या विभूतींमध्ये स्मृतीची गणना करतात, पंधराव्यात ती माझ्यापासूनच येते असे सांगतात, आणि अठराव्याच्या शेवटी अर्जुन जे प्राप्त झाले म्हणून सांगतो तीही स्मृतीच.

कोणी विद्वान म्हणतील की तेथील स्मृती म्हणजे आत्मस्वरूपाची स्मृती, मेलेल्या माणसाची आठवण नव्हे. आक्षेप योग्य आहे. भाष्यकारांचाही अभिप्राय तोच आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला म्हणतात की तुझे आणि माझे पुष्कळ जन्म होऊन गेले; मला ते सर्व ठाऊक आहेत, तुला नाहीत. ईश्वर आणि जीव यांतील भेद तेथे जाणण्याने आणि विसरण्याने दाखविला आहे. जो जीव आपल्याच गावच्या, आपल्याच भाषेच्या, दोन पिढ्यांमागील माणसाला विसरतो, त्याने आत्मस्मृतीच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?

स्त्रीपर्वातील एक प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे, आणि प्रवचनांतून तो क्वचितच ऐकू येतो. युद्ध संपले आहे. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो की ज्यांना नातलग आहेत आणि ज्यांना कोणी नाही, त्या सर्वांचे दहन तू विधिपूर्वक करविणार आहेस ना? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य इत्यादिकांना आज्ञा देतो की एकाचाही देह अनाथासारखा पडून राहता कामा नये. चंदन, अगरू, तूप, तेल आणले जाते. मोडलेले रथ आणि शस्त्रे गोळा केली जातात. राजेलोकांच्या चिता झाल्यावर, नाना देशांतून आलेले आणि ज्यांचे तेथे कोणीही नाही असे जे सहस्रावधी सैनिक पडले होते, त्यांचे दहन राजाज्ञेने विदुर करवितो. त्यांत हे आपल्या बाजूचे आणि ते त्यांच्या बाजूचे, अशी निवड केल्याचे व्यास सांगत नाहीत.

मग सर्वजण गंगेवर जातात. तिलांजली देताना नाव घ्यावे लागते, आणि त्या नाव घेण्याच्या क्षणीच कुंतीचे जन्मभराचे मौन सुटते: कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. धर्मराज कोसळतो, पण पाणी देतो.

दूरदेशाहून आलेल्या अनाथ सैनिकाची क्रिया ज्या भूमीवर तो पडला त्या भूमीच्या माणसांनी करावी, ही विदुराची रीत आपल्या काळातही पाहावयास मिळाली. ज्या डोंगराळ भागात यशवंत घाडगे पडले, तेथील पेरुज्या प्रांतातील मोंटोने या लहान गावाने आणि तिकडच्या युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी २०२३ च्या जुलै महिन्यात त्यांच्या नावाचे एक स्मारक उभारले. त्यांच्या गावी, माणगावात, त्यांचा पुतळा आहेच. मोंटोने येथील स्मारक मात्र पुतळा नव्हे, ते सूर्यघटिकायंत्र आहे. सावली सरकेल तशी वेळ दाखविणारे. आपण सर्वजण एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर कोरलेले आहे.

ही वार्ता वाचली तेव्हा मी चौथ्याच अध्यायाचे भाषांतर तपासीत होतो. भगवंतांनी हा अविनाशी योग सर्वांआधी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला, असे त्या अध्यायाच्या आरंभी आहे. मोंटोनेच्या लोकांनी गीता वाचली असेल वा नसेल. ज्याला प्रथम गीता सांगितली गेली त्याच्याच हाती त्यांनी या मुलाची स्मृती सोपविली. ज्यांच्या आजापणजांच्या शेतांतून ते युद्ध गेले, ज्यांच्या देशाचे सैनिक काही काळ समोरच्या बाजूस होते, त्यांनी ऐंशी वर्षांनी हे करावे, आणि आपल्याकडील कित्येक सुशिक्षितांना घाडगे हे नावही सांगता येऊ नये! मी स्वतःला यातून वगळत नाही. मला ते नाव त्याच दिवशी नीट कळले.

त्या दिवशी मला खांबाशी उभी राहिलेली ती वृद्धा आठवली. तिला शोक निवारून घ्यावयाचा नव्हता. तो तिने भावाची तार आली त्या वर्षापासून पोटात घालून शेती केली होती, लेकरे वाढविली होती. निष्काम कर्म म्हणून आम्ही ज्यावर तासन् तास बोलतो ते तिने केलेले होते. तिला केवळ एक पान वाढावयाचे होते, आणि ते चुकीच्या दिवशी वाढले जाऊ नये एवढीच तिची काळजी होती.

वडील गेल्यापासून पितृपक्षात मी तर्पण करतो. भाद्रपद वद्य चतुर्दशीला आता दोन अंजली अधिक सोडतो. पहिली यशवंत घाडगे यांच्या नावाने. माझे त्यांच्याशी रक्ताचे काही नाते नाही. परंतु माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्मांना सर्वांनी पाणी द्यावे असे सांगणाऱ्या शास्त्राने नात्याची अट तेथे घातलेली नाही. दुसरी अंजली तिच्या भावाची. गोत्र ठाऊक नसले म्हणजे काश्यप धरावे असा संकेत आहे, त्याप्रमाणे काश्यप म्हणतो. नावाच्या ठिकाणी आलो की थोडा थांबतो. मग दर्भावरून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, तिळाचे पाणी खाली सोडतो.